सातबाऱ्यावर बसलेला पक्षी

जानेवारीत एका रविवारी सकाळी सकाळी गावाकडून चुलतभावाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, डायरेक्ट म्हणाला, "हरणांनी ज्वारी लोळवली रं. अर्धा एकर गेली बघ. तू ते पक्षीबिक्षी बघायला जातो ना तिकडं, वनखात्यात कुणी ओळखीचं हाय का?"

ओळखीचं कुणी नव्हतं. पण फोन ठेवल्यावर दिवसभर डोक्यातून ते जाईना, कारण अर्धा एकर ज्वारी म्हणजे घरातली वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा, दोन्ही. शिवाय आमच्या घरात "वनखातं" हा शब्द मी लहानपणापासून ज्या आवाजात ऐकत आलोय तो आवाज मला पाठ आहे. तर पुढच्या शनिवारी गाडी काढली आणि गेलो. त्या दोन दिवसांत जे बघितलं आणि त्यामुळं जुनं जे जे आठवलं ते लिहून काढायचं असं तेव्हाच ठरवलं होतं, आज लिहितोय.

आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. बाहेरच्या लोकांना हे नाव दोन गोष्टींमुळं माहीत असतं. एक द्राक्षं. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती जगाला दिल्या त्या नानासाहेब काळ्यांनी, ते इथलेच शेतकरी. आणि दुसरा माळढोक. एकाच गावच्या शिवारात या दोन गोष्टी निघाव्यात याचं मला लहानपणी काही वाटायचं नाही, आता वाटतं, कारण पुढं जे झालं त्यात या दोन्हींचा हात आहे.

माळढोक ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो (आणि आता बहुतेकांनी नाहीच बघितलेला): उंचीला मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. झाडावर बसत नाही. माळावर चालतो, एखादा म्हातारा माणूस धोतर सावरत बांधावरून चालतो ना, तसा, मान वर करून, घाई न करता. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून पार गुडघ्यापर्यंत लोंबवतो आणि घुमतो, तो आवाज लांबवर जातो. मादी वर्षाला बहुतेकदा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं वगैरे भानगड नाही, आणि जवळजवळ महिनाभर त्यावर बसून असते. म्हणजे त्या एका महिन्यात तिथून कुळव गेला, कुत्रं गेलं, मेंढरांचा कळप गेला की त्या वर्षीचा हिशेब संपला.

आमचे आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी माळढोक बघितला होता असं म्हणणं चुकीचं होईल, ते माळढोकाबरोबर राहिले होते. आमची जमीन हलकी, मुरमाड, माळाला लागून. पावसाळ्यात हुलगा, मटकी, तूर, आणि खालच्या काळ्या पट्टीत रब्बीची ज्वारी, कडेनं करडई. आबा सांगायचे की ते कुळव हाकत असले की हा पक्षी पन्नास पावलांवर पुढं पुढं चालायचा, मातीतून वर आलेले किडे टिपत. नाकतोडे, हिंगे, सरडे, सापडेल ते. बैलांना भीत नव्हता, बैलगाडीला भीत नव्हता, धोतरवाल्या माणसाला भीत नव्हता. जीपमधून पँटवाला माणूस उतरला की मात्र लांबूनच चालायला लागायचा. आबांना याचा अभिमान वाटायचा. "आमाला वळखायचा त्यो" असं म्हणायचे.

१९७२ साल आमच्याकडं दुष्काळाचं साल म्हणून लक्षात आहे, सुकडी आणि खडी फोडायची कामं. पण त्याच वर्षी सोलापूरचे पक्षीमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचं नोंदवलं आणि बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळलं की इथं हा पक्षी शिल्लक आहे. पुढं १९७९ मध्ये सरकारनं अभयारण्य जाहीर केलं. इथपर्यंत सगळं चांगलं. अडचण झाली ती आकारात. अभयारण्य किती मोठं? ८,४९६ चौरस किलोमीटर. गोव्याचं सगळं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दोन गोवे मावून वर जागा उरेल एवढं. सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तिकडं नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गावं, बाजारपेठा, एसटी स्टँड, शाळा, देवळं, आणि लाखो लोकांची खाजगी शेतं. सरकारी वनजमीन त्यात थोडीशी, इकडं एक तुकडा तिकडं एक तुकडा.

ज्यांनी हे केलं त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं. हा पक्षी एका जागी राहत नाही, पाऊस आणि किडे बघून कुठच्या कुठं जातो, तेव्हा तो नेमका कुठं कुठं जातो हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, मग जिथं जिथं जाऊ शकतो तो सगळा पट्टाच राखू असा विचार. पण नकाशावर रेघ ओढताना त्या रेघेच्या आत राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नाही. आबांच्या घरी कुणी आलं नाही, चावडीवर कुणी बसलं नाही, ग्रामसभा झाली नाही. माळढोक कुठं अंडं घालतो, कधी घालतो, कुठल्या पिकात बसतो, कुठल्या विहिरीजवळून उडतो हे ज्यांना तोंडपाठ होतं त्यांना एक प्रश्न विचारला नाही. मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक हीच वाटते, बाकीच्या सगळ्या यातूनच निघाल्या.

सुरुवातीची बरीच वर्षं गावाला फारसं काही जाणवलं नाही. बोर्ड लागले, फॉरेस्टच्या प्लॉटला चर मारले, चराई बंद झाली, धनगरांची कुरकुर सुरू झाली, एवढंच. खरा दणका नंतर बसला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम २० आहे, त्याचा अर्थ साध्या भाषेत असा की अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या हद्दीतल्या जमिनीवर कुणाला नवा हक्क मिळवता येत नाही, वारसानं येईल तेवढाच. म्हणजे बापाची जमीन पोराला जाईल, पण विकायची म्हटलं की अडकली. आणि नोव्हेंबर २००० मध्ये सुप्रीम कोर्टानं आदेश दिला की कोर्टाच्या परवानगीशिवाय कुठल्याच अभयारण्याची हद्द कमी करायची नाही. तो आदेश देशभरातली जंगलं वाचवण्यासाठी होता आणि त्यानं खूप काही वाचलंही, पण आमच्यासाठी त्याचा अर्थ असा झाला की चूक दुरुस्त करायचा रस्ता आता दिल्लीतून जाणार.

आमच्या घरात हे सगळं २००४ मध्ये शिरलं. माझ्या चुलत बहिणीचं, ताईचं लग्न ठरलं होतं. खर्चासाठी माळाकडची दोन एकर विकायचं ठरलं, घेणारा गावातलाच, इसार पण झाला. खरेदीखताला गेले तर ऑफिसात सांगितलं की हा गट अभयारण्यात येतो, दस्त होणार नाही. कुठून परवानगी आणायची विचारलं तर दुसऱ्या ऑफिसला पाठवलं, तिथून तिसऱ्या. आबा आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, दोघं एसटीनं जायचे, भाकरी बांधून न्यायचे, संध्याकाळी परत. दीड महिना हे चाललं. कुणी वाईट बोललं नाही पण कुणी नीट सांगितलं पण नाही. शेवटी इसाराचे पैसे परत दिले आणि लग्नासाठी सावकाराकडून शेकडा तीन रुपयानं काढले. ते फेडायला सहा वर्षं लागली. तात्यांचा एक बैल गेला त्यात, आणि माझ्या धाकट्या चुलतभावाची शाळा, हाच तो ज्याचा जानेवारीत फोन आला.

लग्नानंतर आबांनी माळढोकाचं नाव घेणं बंद केलं. रागानं वगैरे नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, पक्ष्यांचं नवीन वेड लागलं होतं, सुट्टीत आलो की विचारायचो, आबा यंदा दिसला का, तर म्हणायचे, "आमाला काय म्हाईत, सरकारला इचार. त्येंचा पक्षी हाय त्यो." जो पक्षी त्यांना "वळखायचा" तो आता त्यांचा राहिला नव्हता, सातबाऱ्यावर येऊन बसला होता.

गावात तेव्हा एक वाक्य सर्रास चालायचं, पक्षी संपला की अभयारण्य उठंल. हे कुणी दुष्टपणानं म्हणत नव्हतं, ज्याची विहीर अडकली, ज्याचं घर बांधायचं अडकलं, ज्याच्या पोरीचं लग्न अडकलं तो माणूस हे बोलायचा आणि नंतर गप्प व्हायचा. आमच्या गावात कुणी माळढोक मारल्याचं मी ऐकलं नाही. पण कुणी राखलाही नाही. आधी कुणाच्या शेतात अंडं दिसलं तर ती पट्टी महिनाभर तशीच सोडायचे, पोरांना तिकडं जाऊ द्यायचे नाहीत. नंतर अंडं दिसलं तर घरात पण सांगायचं नाही अशी रीत पडली, कारण सांगितलं तर साहेब येणार, पंचनामा होणार, आणि तो गट कायमचा लाल शाईत जाणार अशी भीती. ती भीती खरी होती का खोटी यानं फरक पडत नाही. शेतकऱ्यानं तोंड मिटलं आणि वनखात्याचे हजारो डोळे एका झटक्यात बंद झाले. एक गार्ड, एक मोटरसायकल आणि एवढा मोठा मुलूख, तो बिचारा काय बघणार.

हे फक्त आमच्याकडंच झालं असं नाही. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा म्हणून ठिकाण आहे, तिथं १९८१ ला माळढोकासाठीच अभयारण्य केलं, तिथंही खाजगी शेतं आत, तिथंही जमीन विकायला बंदी, आणि संरक्षणामुळं काळवीट वाढले आणि पिकात शिरले, म्हणजे लोकांना दोन्हीकडून मार. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथला माळढोक संपला. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आमच्या गावची गोष्ट कुणीतरी आधीच दुसऱ्या गावात करून बघितल्यासारखी.

आता सगळा दोष त्या रेघेवर टाकला तर तेही खरं होणार नाही. उजनीचं पाणी आलं आणि आमचा भाग बदलला. जिथं ज्वारी, हुलगा, करडई होती तिथं ऊस आला, द्राक्षं आली, डाळिंब आलं. सोलापूर आज राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आहे. उसात माळढोक राहू शकत नाही, त्याला लांबवर बघता आलं पाहिजे. द्राक्षबागेला तार, अँगल, शेततळं. पण मी कुठल्या तोंडानं म्हणू की शेतकऱ्यानं ऊस लावायला नको होता? ज्यानं ७२ मध्ये खडी फोडली त्याच्या दारात पाणी आलं तर तो घेणारच. मग विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला, अंग जड, पटकन वळता येत नाही, तारेवर आदळतो आणि मरतो. राजस्थानात आज हाच सगळ्यात मोठा धोका आहे, त्यावरून सुप्रीम कोर्टात केसही गाजली. त्यात गावोगावची मोकाट कुत्री. आणि खुद्द वनखात्यानंही एकेकाळी माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून त्यावर गिरिपुष्प, निलगिरी असली झाडं लावली, गवतात राहणाऱ्या प्राण्यापक्ष्यांच्या घरातच जंगल करायला निघाले. नंतर ती चूक कळली, काही ठिकाणी झाडं काढली पण. माळावर पवन्या, मारवेल, कुसळी हीच खरी संपत्ती आहे हे आमच्या धनगरांना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

२०१२ च्या आसपास शेवटी हद्द कमी झाली. ८,४९६ वरून १,२२२ चौरस किलोमीटर. गावात पेढे वाटले, खोटं कशाला सांगू, आमच्या घरातही आणले होते. आबांनी पेढा हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून बसले. म्हणाले, "आता पक्षी कुठं हाय?" त्या आधीच्या दशकात नान्नजच्या गणनेत वीसेक पक्षी सापडायचे. नंतर बोटावर मोजण्याइतके, आणि अलीकडं एखादी मादी दिसली तर दिसली. सगळ्या देशात मिळून रानात दीडशेच्या आसपासच असतील, बहुतेक जैसलमेरकडं. तिथं पिंजऱ्यात पैदास सुरू केलीय, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आलं. मी ती बातमी वाचली तेव्हा आनंद झाला आणि लगेच वाटलं, उद्या या पिल्लांची पिल्लं झाली आणि कुणी म्हणालं सोलापूरला आणून सोडू, तर कुठल्या शेतात सोडणार? आणि त्या शेतकऱ्याला आधी विचारणार का?

कारण हा पक्षी कुंपणातल्या जंगलात मावणारा नाहीच. वाघाचं एकवेळ ठीक आहे, त्याला जंगल लागतं, तिथून गावं हलवा न हलवा हा वेगळा वाद. माळढोकाला शेतच लागतं, पण जिरायती शेत, विरळ, अधूनमधून पडीक ठेवलेलं. म्हणजे तो टिकणार की नाही हे शेतकरी काय पेरतो यावर ठरतं. आणि आमच्यासारख्याच्या हलक्या जमिनीत ज्वारी झालीच तर एकरी पाच-सहा क्विंटल, तेवढ्याच जागेत पाणी असेल तर ऊस कितीतरी जास्त पैसे देतो. हा मधला फरक कोण भरणार? ऑस्ट्रियात याच कुळातला युरोपातला मोठा बस्टर्ड आहे, १९९० च्या दशकात तिथं मोजके उरले होते. त्यांनी शेतकऱ्यांना ठराविक पट्टे पडीक ठेवायचे, उशिरा कापायचे याचे रीतसर पैसे द्यायला सुरुवात केली आणि विजेच्या तारा जमिनीखाली घातल्या. आज तिथं पक्षी काही शेकड्यांत आहेत. लांब कशाला, मध्य प्रदेशातच सैलानाकडं खरमोर म्हणजे तणमोर, याच कुळातला छोटा पक्षी, त्याची खबर देऊन घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला वनखात्यानं बक्षीस द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे पक्षी तुझ्या शेतात आला तर तुझं नुकसान नाही, उलट चार पैसे मिळतील. एवढंच गणित उलटं करायचं होतं. आबांना त्या काळी वर्षाला दोन पोती ज्वारीची किंमत कुणी दिली असती ना, तर त्यांनी त्या पट्टीवर खाट टाकून राखण केली असती. पैशासाठी नसती केली, पैशानं फक्त त्यांना मोकळीक दिली असती.

असो, हरणांवर येतो.

हरणं म्हणजे काळवीट, आमच्याकडं सगळ्याला हरणंच म्हणतात. शनिवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा चुलतभाऊ शेतातच होता, खाली पडलेल्या ताटांकडं बघत. चाळीस-पन्नासाचा कळप रात्री येतो म्हणाला, ज्वारी हुरड्यात आली की जास्तच, खातात थोडं आणि तुडवतात जास्त. मी विचारलं अर्ज केला का, तर नाही. पिकाच्या नुकसानीचा अर्ज तीन दिवसांत करावा लागतो, मग वनखातं, तलाठी, कृषीचा माणूस असे येऊन पंचनामा करतात, हे त्याला अर्धवट माहीत होतं, पण "कोण चकरा मारतंय, तात्यांनी मारल्या तेवढ्या बास झाल्या" असं त्याचं म्हणणं. आणि तीन दिवस तर आधीच होऊन गेले होते. पण नशीब बघा, शुक्रवारी रात्री कळप परत आला होता आणि आणखी चार-पाच गुंठे गेले होते. म्हटलं याचा तरी अर्ज करू. फोटो काढले, अर्ज केला, वनरक्षकाचा नंबर सरपंचाकडून घेतला आणि फोन लावला. मला वाटलं सोमवारनंतर बघू म्हणतील. ते रविवारी सकाळी साडेआठला मोटरसायकलवर हजर.

तरुण माणूस, मराठवाड्यातला, शेतकऱ्याचाच मुलगा. आल्या आल्या म्हणाले, "दादा, आधी शेत दाखवा, कागदाचं नंतर बघू." चालत सगळी पट्टी फिरले, मोबाईलवर फोटो, गट नंबर, मोजमाप. मग बांधावर बसून चहा. बोलता बोलता त्यांनी विचारलं, या बाजूला लांडग्याची जोडी फिरते म्हणतात, तुम्हाला कुठं दिसते का, पिल्लं कुठं असतील?

आणि माझा चुलतभाऊ, जो दहा मिनिटं घडाघडा बोलत होता, तो गप्प. कपाकडं बघत बसला. मला ते गप्प बसणं ओळखीचं होतं. १९७९ पासून आमच्या शिवारात जे पेरलं गेलं होतं ते त्या गप्प बसण्यात होतं, सांगितलं तर काहीतरी अंगाशी येईल. वनरक्षक पण समजले असावेत. म्हणाले, "दादा, मला हद्द वाढवायची नाही, माझ्या हातात पण नाही ते. ओढ्याच्या कडेला मुरूम उपसायला जेसीबी येणार आहे असं कळलंय, घळ तिथंच असली तर आधी सांगावं लागेल, म्हणून विचारतोय. मेंढरं गेली तर त्याचे पैसे मिळवून द्यायला मी येतोच."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चुलतभावानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ओढ्याला नाय. वरच्या अंगाला, करवंदाच्या जाळीमागं. चला दावतो." मी त्यांच्या मागून चालत होतो आणि मला आबांची एवढी आठवण आली की बस.

ज्वारीची भरपाई आली का? आली, एप्रिलमध्ये, बँकेत. नुकसान जेवढं झालं त्यापेक्षा कमीच, आणि त्यावर गावात अजून नाराजी आहे आणि ती बरोबर आहे. काळवीट राखायचे हे सगळ्या देशानं ठरवलं असेल तर त्याचा खर्च एकट्या हलक्या जमिनीवाल्यानं का सोसायचा. रेट वाढायला पाहिजेत, पंचनामा करणारी तीन खात्यांची तीन माणसं एकाच दिवशी यायला पाहिजेत. पण पैसे आले, चकरा न मारता आले, याचा आमच्या घरावर झालेला परिणाम मी बघितलाय.

तिकडं पुणे जिल्ह्यात इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्यानं गवताळ माळावर सफारी सुरू केलीय, गाईड गावातलेच पोरं, लांडगा, चिंकारा, कोल्हा दाखवतात, पैसे गावात राहतात. मी कडबनवाडीला जाऊन आलोय. जो पोरगा गाईड होता त्याचे वडील मेंढपाळ, आणि तो ज्या आपुलकीनं "आमची लांडगी" म्हणत होता ते ऐकून बरं वाटलं. माझं एकच म्हणणं आहे, लांडगा काही फक्त फॉरेस्टच्या प्लॉटमध्ये राहत नाही, दिवसभर शेजारच्या तुरीत झोपतो. त्या तुरीच्या मालकाला पण त्या तिकिटातलं काहीतरी मिळालं पाहिजे, नुसतं गेटवरच्या समितीला नाही. आणि धनगरांना सगळीकडून बाहेर काढून गवत राखता येत नाही, थोडी चराई माळाला लागतेच, कुठं, कधी, किती मेंढरं हे त्यांच्याशी बसून ठरवा. कागदावर ठरवून आणलेलं आमच्याकडं एकदा बघून झालंय.

मे महिन्यात यात्रेला परत गेलो होतो. उन्हाळी नांगरटीचा टाइम. चुलतभाऊ भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन माळाकडची पट्टी नांगरत होता, तीच दोन एकर जी २००४ मध्ये विकायची होती आणि विकली गेली नाही. मी बांधावर बाभळीखाली बसलो होतो. मधेच त्यानं ट्रॅक्टर थांबवला, उतरला, पुढं जाऊन वाकून बघितलं आणि मला हाताने बोलावलं. उघड्या जमिनीवर दोन अंडी, मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची, पाच फुटांवरून पण दिसणार नाहीत अशी. धाविक पक्ष्याची होती. लांब उभी राहून मादी आमच्याकडं बघत होती, चार पावलं पळायची, थांबायची, परत पळायची. टिटवीची अंडी दिसली की कुळव बाजूनं न्यायचा ही आमच्याकडची जुनी पद्धत, अंडी उंचावर असली की पाऊस चांगला असंही म्हणतात, पण धाविकाची अंडी मी पहिल्यांदाच बघत होतो.

चुलतभावानं खिशातून मोबाईल काढला, फोटो काढला आणि वनरक्षकाला व्हॉट्सअॅपवर पाठवला. मग बांधावरचे चार दगड आणून अंड्यांच्या भोवती लांब लांब ठेवले, खुणेला. ड्रायव्हरला म्हणाला की हे एवढं सोडून घे. ड्रायव्हर म्हणाला अहो डिझेल जातंय, वळवून घ्यायचं म्हणजे दोन तास वाढतील, भाडं कोण देणार. "मी देतो," चुलतभाऊ म्हणाला, आणि ट्रॅक्टर त्या दगडांना वळसा घालून पुढं गेला.